काकूंसकट किंमत

गाडीच्या दारावर कुणीतरी बोटाच्या पेराने टकटक केलं आणि आत बसलेला तो 'कोण आहे?' असं विचारता विचारता राहिला. म्हणजे 'को' बाहेर पडला होता, उरलेलं त्याने गिळलं. बाहेर कोण आहे ते काचेतून स्वच्छ दिसत होतं. पंचविशीची एक मुलगी, खिशात छोटी बॅटरी, गालात पेपरमिंट, दाराला कान लावून उभी. ती त्याला हाक मारतच नव्हती. ती पत्र्याशी बोलत होती. पोचा बुजवायला पत्र्यावर लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असली की आवाज बद्द येतो आणि पत्रा मूळचा असला की खणखणीत येतो, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. आयुष्यभर हीच टकटक त्याने लोकांच्या गाड्यांवर, तिजोऱ्यांवर आणि अर्धवट जळालेल्या कपाटांवर केली होती. पण बाहेरून. आतून ती कशी ऐकू येते ते आज पहिल्यांदा कळलं. आतून ती छातीत ऐकू येते. डॉक्टर पाठीवर बोटं ठेवून ठोकू लागला की माणूस जसा उगाच शहाण्यासारखा चेहरा करून श्वास रोखतो, तसा तो श्वास रोखून बसला, आणि पुढच्या दाराला खणखणीत आवाज आला तेव्हा आपल्यालाच शाबासकी मिळाल्यासारखं त्याला वाटलं.

"काका, जरा उतरता का?" मुलगी म्हणाली. "आत माणूस असला की आवाज बदलतो."

तो उतरला. शोरूमच्या मागच्या अंगणात जुन्या गाड्या ओळीने उभ्या होत्या, दवाखान्याच्या बाकावर लोक बसतात तशा, एकमेकींकडे न बघता. मुलगी चाकांपाशी वाकली, दिव्यांच्या आत डोकावली, पेपरमिंट या गालातून त्या गालात गेलं. तो हात पाठीमागे बांधून तिच्या मागे मागे फिरत होता. काही वेळाने त्याला राहवेना. "मागच्या बंपरच्या आतल्या बाजूला एक चीर आहे," तो म्हणाला. "तुम्हाला दिसली नसेल." मुलीने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. घराचे मालक स्वतःच येऊन तिजोरी दाखवताहेत म्हटल्यावर चोर जसा गोंधळेल तशी ती गोंधळली. तिने चीर पाहिली, आभार मानले आणि किंमत कमी केली.

वापरून वापरून वस्तूची जी किंमत उतरते तिला हिशेबाच्या भाषेत घसारा म्हणतात, आणि विमा कंपनीत त्याचं नाव घसारासाहेब पडलं होतं. कुणाची गाडी ठोकली, कुणाचं दुकान जळलं, कुणाच्या गोदामात पाणी शिरलं की तो तिथे जायचा, हळहळायचा नाही, टकटक करायचा, आणि नुकसान किती झालं ते सांगण्याआधी, नुकसान व्हायच्या आधीच ती वस्तू किती उतरली होती ते सांगायचा. एका रडणाऱ्या दुकानदाराला त्याने शांतपणे विचारलं होतं, "हे काउंटर जळण्यापूर्वी डुगडुगत होतं का?" दुकानदार रडायचा थांबला होता. काउंटर डुगडुगत होतं. एवढ्या वर्षांत एकही खोटा क्लेम त्याने पुढे जाऊ दिला नाही आणि एकही खरा अडवला नाही. लोक त्याला मनातून शिव्या घालत आणि भांडण झालं की त्यालाच बोलवा म्हणत. ही सवय घरी येताना चपलांबरोबर दारात काढून ठेवता येत नाही, हीच काय ती अडचण. बायकोने नवे पडदे लावले की तो दोन बोटांत कापड धरून म्हणायचा, "पहिल्या धुण्यात निम्मे जातील." बायको म्हणायची, "लग्नाच्या दिवशी माझ्याकडे बघून काय म्हणाला होतात मनात?" तो कापड सोडून द्यायचा. काहीच म्हणाला नव्हता. पण हे सांगितलं तर ती विश्वास ठेवणार नाही, हेही त्याने अंदाजात धरलेलं असायचं.

आज मात्र गोष्ट पडद्यांची नव्हती. बायकोचा गुडघा गेलं वर्षभर कुरकुरत होता. डॉक्टरने तिला विचारलं होतं, "तुम्ही रोज कुठे गुडघा दाबून बसता का? एकाच जागी ताण पडतोय." ती म्हणाली होती, "छे हो." जुन्या गाडीत बसायचं म्हणजे विहिरीत उतरायचं आणि उतरायचं म्हणजे विहिरीतून वर यायचं, म्हणून उंच बैठकीची, आपोआप गिअर बदलणारी एक नवी गाडी तिने मनात धरली होती. जुनीची रास्त किंमत आली तर ती नवी आजच ठरणार होती, नाही तर आणखी एक वर्ष विहीर. त्यात तिच्या बहिणीच्या नवऱ्याने गेल्याच महिन्यात आपली खटारा गाडी भरमसाट भावाने खपवली होती आणि ती हकीकत तो जेवणाच्या प्रत्येक टेबलावर नव्याने वाढत होता. निघताना बायको म्हणाली होती, "भाऊजींना गाडीतलं काही कळत नाही तर एवढे मिळाले. तुम्हाला तर सगळं कळतं. बघू या."

"मला योग्य तेवढी किंमत हवी. कमी नको, जास्त नको."

"जास्त का नको?" बायकोने खऱ्याखुऱ्या कुतूहलाने विचारलं होतं.

ती आता शोरूमच्या आत, काचेपलीकडे, त्या उंच गाडीत बसून बघत होती. सेल्समन दार धरून तिला काहीतरी समजावत होता आणि ती राणीसारखी मान हलवत होती. "एक चक्कर मारून येऊ या, काका," पारखणारी मुलगी म्हणाली आणि सरळ चालकाच्या जागी जाऊन बसली. त्याच्यासाठी दुसरी जागा उरली. तो दार उघडून आत बसला आणि मग त्याच्या लक्षात आलं की या जागेवर आपण आजवर कधी बसलेलोच नाही.

गाडी घेतली तेव्हा निम्मे पैसे बायकोने शिवणकामातून घातले होते, आणि पहिल्याच दिवशी किल्ली त्याच्या हातात देताना तिने अट घातली होती, "अर्धी माझी आहे. माझ्या अर्ध्या भागात मी बसल्याशिवाय ही जागची हलायची नाही." त्याला कामासाठी ड्रायव्हर असलेली कंपनीची जीप होती, त्यामुळे अट पाळणं जड गेलं नाही. मग तिची सवय झाली, मग सवयीचा कायदा झाला, आणि दाढीचं ब्लेड आणायचं असलं तरी तो तोंडाला साबण फासल्यासारखा चेहरा करून म्हणे, "चल, बसतेस का?" आणि ती हातातलं ठेवून यायची. आज तिच्या अर्ध्या भागात तो बसला होता आणि तिथून जग वेगळंच दिसत होतं. रस्ता अंगावर येत होता. करण्यासारखं काही नव्हतं, नुसतं भ्यायचं होतं. समोरच्या कप्प्याच्या झाकणावर, खालच्या कडेला, एक जागा गुळगुळीत होऊन चमकत होती, देवळाच्या पायरीचा दगड झिजून चमकतो तशी. खिडकीच्या काचेवर एका कोपऱ्यात पंजाचा धूसर ठसा होता, कितीही पुसला तरी परत येणारा. तो दोन्हींकडे बघत राहिला. परक्याच्या घरात आपण चोरून कपाट उघडलंय असं काहीतरी त्याला वाटू लागलं, आणि ते परकं घर बायकोचं होतं.

मुलीने पहिला गिअर टाकला, दुसरा टाकला. पहिल्याच खड्ड्यात कप्प्याचं झाकण फाडकन उघडलं आणि आतल्या जुन्या पावत्या, चष्म्याचं घर, एक सुकलेलं लिंबू आणि मुलाच्या लहानपणचा एक पायमोजा त्याच्या मांडीत आला. तो ते आत कोंबतो आहे तोवर खिडकीची काच सुस्कारा सोडावा तशी हळूहळू खाली सरकली. मुलीने तिसरा टाकला. गाडीने गुर्रर्र केलं आणि दांडा जागेवरून निसटून मधोमध येऊन उभा राहिला. तिने पुन्हा टाकला. पुन्हा निसटला. "बाप रे," मुलगी पेपरमिंट थांबवून म्हणाली. बाप रे असंच त्यालाही म्हणायचं होतं. ही आपली गाडी नव्हेच, असं त्याच्या मनात आलं. कुणीतरी अंगणात अदलाबदल केली. आपल्या गाडीचा तिसरा आजवर एकदाही निसटला नव्हता. कप्पा उघडला नव्हता. काच सरकली नव्हती. जगातल्या प्रत्येक गाडीचा दोष त्याने बाहेरून आवाजावर ओळखला होता, आणि स्वतःच्या गाडीत मांडी घालून बसल्यासारखा इतकी वर्षं बसून तो ठार बहिरा होता? त्याच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

परत आल्यावर मुलीने आकडा सांगितला. तो ऐकून त्याला कुणीतरी खाली, विहिरीत, बायकोच्या गुडघ्यासकट ढकललं. "गिअरबॉक्सच गेलाय, काका. तो बदलायचा म्हणजे…" तिने हात असे पसरले की त्यात एक नवीन गाडीच मावली असती. तो म्हणाला, "गाडी अशी नाही." असं त्याला आजवर असंख्य लोकांनी सांगितलं होतं. घर असं नव्हतं. माल असा नव्हता. तेव्हा तो सौम्यपणे मान हलवायचा आणि लिहायचं तेच लिहायचा. मुलीनेही सौम्यपणे मान हलवली. तिच्या मान हलवण्यात त्याला आपली मान दिसली, आणि ती किती चीड आणणारी आहे हेही.

"माझ्या मिसेसना बोलावतो," तो म्हणाला. हा काही मुद्दा नव्हता. बुडणारा माणूस ज्याला पकडतो त्याला मुद्दा म्हणत नाहीत.

बायको उंच गाडीतून नाइलाजाने उतरून आली. "काय झालं? फोडलीत?" मग ती नेहमीप्रमाणे आपल्या अर्ध्या भागात जाऊन बसली, मुलगी चालकाच्या जागी बसली, आणि तो मागच्या बाकावर, जिथे पूर्वी मुलगा बसून 'आलं का, आलं का' करायचा. गाडी निघाली. खड्डा आला. कप्पा उघडला नाही. काच जागच्या जागी. पहिला, दुसरा, तिसरा; आणि गाडी सशासारखी पळाली. मुलीने चक्रावून वेग कमी केला, पुन्हा दुसरा, पुन्हा तिसरा. घट्ट. "अरेच्चा," ती म्हणाली आणि खाली पाहिलं. मागे बसलेल्यानेही मान पुढे काढून पाहिलं. बायकोचा गुडघा कप्प्याच्या झाकणाला टेकला होता, बरोबर त्या चमकणाऱ्या जागी. एक पंजा काचेवर होता. आणि तिचा दुसरा हात, ज्याच्यावर शिवणाच्या सुईचे बारीक डाग होते तो हात, गिअरच्या दांड्यावर होता. म्हणजे दांड्यावरच्या त्या मुलीच्या हातावर होता, सहज, वजन टाकून, आणि बायको समोर रस्त्याकडे बघत सेल्समनच्या टायबद्दल बोलत होती.

"काकू," मुलगी म्हणाली, "तुम्ही काय करताय?"

"मी? काही नाही. बसलेय."

मुलीने गाडी कडेला घेतली. "काकू, गुडघा बाजूला करा बरं." कप्पा पडला. "आता काच सोडा." काच गेली. मग ती पुन्हा रस्त्यावर आली, तिसरा टाकला. "आता हात काढा." गुर्रर्र. "ठेवा." शांत. "काढा." गुर्रर्र. बायको आधी आपल्या गुडघ्याकडे, मग हातांकडे बघत राहिली, दुसऱ्याचेच कुणीतरी आपल्या अंगाला जोडून ठेवल्यासारखी. "अगंबाई!" ती म्हणाली, "मी गाडी चालवतेय!" आणि हसत सुटली. मुलगीही हसू लागली. "काका, काकूंसकट घेतली तर गाडी एकदम फर्स्ट क्लास आहे. काकूंसकट किंमत सांगू का?"

मागे बसलेला तोही हसला, पण अर्धवट. त्याच्या आत दुसरीच एक काच हळूहळू खाली सरकत होती. तो हात. त्या हाताबद्दल त्याची एक समजूत होती, इतकी जुनी की तिला आता समजूत म्हणणंही अवघड होतं. ती पाठीच्या कण्यासारखी होती. गाडी चालवताना बायको त्याच्या हातावर हात ठेवते. का ठेवते हे त्याने कधी विचारलं नव्हतं; अशा गोष्टी विचारल्या की त्यांच्यावर घसारा लागतो. घरात ती कधी लाडात बोलली नाही, त्यालाही ते जमलं नाही. दोघांनीही एकमेकांच्या तोंडून चुकूनमाकून काही गोड निघालं की 'ताप आहे का' म्हणून कपाळाला हात लावला होता. पण गाडीत तो हात यायचा. त्याच्या साऱ्या संसाराचा विमा त्या हातावर उतरवलेला होता. आणि आत्ता तोच हात, तेवढ्याच वजनाने, तेवढ्याच मायेने, एका पेपरमिंट चघळणाऱ्या परक्या मुलीच्या हातावर जाऊन बसला होता, कारण तिसरा गिअर निसटत होता. आयुष्यात कुणाचा मत्सर केला नाही आणि उतारवयात करायची वेळ आली ती एका गिअरबॉक्सचा. त्याला आपलंच हसू आलं.

पण सवय मोठी दांडगी. गाडी परत शोरूमकडे वळत होती तेवढ्यात त्याच्या डोक्याने आपणहून पाहणी सुरू केली, जळालेल्या दुकानात करावी तशी, एकेक वस्तू उचलून. प्रसूतिगृहातून मुलाला घरी आणलं तो दिवस: लांब चढ, गाडी तिसऱ्यात, हात होता. हा पुरावा बाद. वडिलांना स्मशानात पोचवून परत येतानाचा: पुढे माणसं चालत होती, गाडी रांगत होती, दुसऱ्यात. तरीही हात होता. त्याने ही वस्तू उलटसुलट करून पाहिली. दुसरा गिअर कधीच निसटत नव्हता. निवृत्तीच्या दिवशी निरोपाचा हार मागच्या बाकावर टाकून निघाला होता आणि चौकात लाल दिव्याशी गाडी उभी होती, दांडा मधोमध मोकळा, धरायला काही नव्हतंच, हात होता. आणि सगळ्यात पहिला दिवस, किल्ली दिली तो. तेव्हा गाडी कोरी करकरीत होती. कशाचीच झीज झालेली नव्हती. तेव्हा हात होता का? त्याने डोळे मिटले. नव्या रेक्झिनचा वास आला, बायकोच्या केसांना लावलेल्या तेलाचा वास आला, आणि दांड्यावरच्या आपल्या मुठीवर एक घाबरलेली, घामेजलेली, छोटीशी मूठ बसलेली स्पष्ट जाणवली. तेव्हा तो आयुष्यात दुसऱ्यांदा गाडी चालवत होता. हात होता. आधी हात होता, दांडा मग सैल झाला. एवढी वर्षं कुणी रोज वजन टाकल्यावर सैल होणारच. दोष हाताला सापडला नव्हता. हातानेच तो केला होता आणि मग इमानदारीने सांभाळलाही होता.

आणि तेवढ्यात, त्या ओल्या आनंदाच्या मधोमध, घसारासाहेब ताडकन उठून बसला.

"थांबा," तो मागून म्हणाला. "गिअरबॉक्स गेला म्हणालात ना? गिअरबॉक्स गेला असता तर हिच्या हाताने धरून राहिला असता का? दात झिजले की पैलवानाला आवरत नाही. ज्या बिघाडाला एका बाईच्या हाताचं वजन पुरतं तो बिघाड दांड्याच्या मुळाशी आहे. तिथली बुश झिजली आहे. दांड्याला घट्ट धरणारी कडी, अंगठीएवढी असते. खाली मिस्त्री पाठवा आणि बघा."

मुलगी आरशातून त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने पेपरमिंट कडकन चावलं. "बरोबर आहे," ती म्हणाली. "हात बघून मलाही सुचायला हवं होतं."

मिस्त्री गाडीखाली गेला. नुसते त्याचे पाय बाहेर राहिले आणि त्या पायांमधून आवाज आला, "बुशच आहे. भुगा झालाय." मुलीने आकडा परत मांडला. बुशचे, काचेचे आणि कप्प्याच्या खटक्याचे वजा केले, बंपरच्या चिरेचेही केलेले होतेच. तो बाजूला उभा राहून मनातल्या मनात तेच मांडत होता. तिने आकडा सांगितला तेव्हा दोघांचं उत्तर एकच आलं, आणि परीक्षेत शेजारच्याशी उत्तर जुळल्यावर होतो तसा एक निर्मळ, पोरकट आनंद दोघांच्याही तोंडावर पसरला.

"भाऊजींपेक्षा कमीच," बायको म्हणाली.

"योग्य आहे."

"नवी येते का त्यात?"

"येते."

"मग योग्य आहे," बायकोने निकाल दिला. मुलीने तिचा हात हातात घेऊन दाबला. "काकू, या गाडीला तुमची आठवण येईल हं." बायकोने जुन्या गाडीच्या टपावर दोनदा थोपटलं, कप्प्यातला पायमोजा काढून पर्समध्ये टाकला, लिंबू तिथेच राहू दिलं, आणि मागे वळून न बघता चालू लागली. तोच मागे राहिला. आजूबाजूला कुणी नाही असं बघून त्याने दारावर बोटाच्या पेराने टकटक केलं. खणखणीत आवाज आला.

नवी गाडी घरी न्यायच्या दिवशी ऊन स्वच्छ होतं. बायको बैठकीवर चढली नाही की उतरली नाही, नुसती बसली, आणि त्या बसण्याची तिला इतकी मौज वाटली की तिने दोनदा बाहेर येऊन पुन्हा बसून दाखवलं. गाडी निघाली. आवाज नव्हता. कप्पा ओठ मिटून बसला होता, काच आपली आपण वर होती. थोड्या वेळाने त्याने डोळ्यांच्या कडेने पाहिलं. बायकोचा गुडघा सवयीने पुढे गेला, झाकणापाशी थबकला आणि मागे आला. पंजा काचेपर्यंत गेला आणि मांडीत येऊन पडला. दोन्ही हात मांडीत एकमेकांना धरून बसले होते, बदली झालेल्या कारकुनांसारखे. विचारायचं तर कसं विचारायचं? त्याच्या उजळणी केलेल्या पुराव्यांत एक कच्चा दुवा होता हे त्याला माहीत होतं: त्या हाताला तेव्हा दांड्यावर जायला निमित्त होतं. आता कामच उरलं नव्हतं. त्याचा स्वतःचा हात मधल्या दांड्यावर विनाकारण ठेवलेला होता, दुकान उघडून बसावं आणि गिऱ्हाईक येऊ नये तसा. एक चौक गेला. पूल गेला. पुलावर बायकोने नदीत पाणी बरं आहे म्हटलं.

मग त्याने घसा साफ केला आणि समोर बघत, सरकारी आवाजात म्हणाला, "हिचाही तिसरा जरा सैल वाटतोय."

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. ही गाडी आपली आपण गिअर बदलते, तिच्यात धरायचा, टाकायचा किंवा निसटायचा तिसरा बिसरा काही नाही, हे त्या टायवाल्या सेल्समनने तिला दोनदा समजावून दिलं होतं आणि तिने दोन्ही वेळा नीट मान हलवली होती. तिच्या ओठाचा एक कोपरा हलला, मग तोही शहाण्यासारखा जागेवर आला.

"वाटलंच मला," ती म्हणाली, आणि हात ठेवला.

एवढ्या वर्षांत त्याने पुढे केलेला हा पहिला खोटा क्लेम. पाहणी न करता, काहीही वजा न करता, तो पूर्ण मंजूर झाला.